नवी राजधानी वसवली तर जुन्या शहरातली गर्दी कमी होते का?
होऊ शकते, पण सत्ता खरोखर तिकडे गेली तरच. नवी मुंबईचंच बघा ना. १९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. राज्य सरकारची कार्यालयं तिकडे हलवायची, हा त्या कल्पनेचा गाभा होता. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पण मंत्रालय जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव टाकून टॉवर उभे राहिले आणि १९८१ मध्ये विधान भवनही तिथेच झालं! याचं मला आजही वाईट वाटतं. घाऊक बाजार मात्र वाशीला गेले, तेवढा भार हलका झाला. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. तोवर नोकरी मुंबईत असलेल्यांनी तिकडे राहायला जायचं तरी कसं?