पप्पांचा टँकर आणि भावाची सेमिनरी

"मावशी, मी वसईची, वय 31. धाकटा भाऊ बी.एस्सी. झालाय. जुलै 2024 मध्ये वसईच्या हिरवाईसाठी लढलेले लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले, हा अंत्यदर्शनाला गेला आणि घरी आला तो 'मला फादर व्हायचंय' असं म्हणतच. पप्पा भडकले. 'फादर होऊन मोर्चे काढणार का?' एकेकाळी पप्पांचा पाण्याचा टँकर होता. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघंही मला म्हणतात, तू सांग त्याला. मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

बाळा, पत्रात टँकरवर तू एकच वाक्य खर्चलंस आणि मी तिथेच थांबले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईच्या वाड्यांतून टँकर भरभरून पाणी बाहेर जायचं. विहिरी उपसल्या की खालून खारं पाणी वर येतं, मग केळी करपतात, पानवेल मरते. बिल्डर जमिनीवर डोळा ठेवून होतेच. या सगळ्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, दिब्रिटो पुढे झाले, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं. बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, बुजवून इमारती उठल्या की पावसाचं पाणी कुठे जातं, ते आज वसईकरांना दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून कळतं.

पण पप्पांच्या डोक्यावर टँकरचं कर्ज असेल आणि घरही चालवायचं असेल. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर, चर्चच्या आवारात लोक घोळक्यानं उभे, आणि पप्पा जवळ गेले की बोलणं बंद. असं काही घडलं होतं का, हे त्यांना कुणी कधी विचारलंय? तू विचार. 'त्याला जाऊ द्या' हे मात्र त्या दिवशी अजिबात म्हणू नकोस. एका संध्याकाळी ओट्यावर बसून नुसतं, "पप्पा, टँकर विकला तेव्हा काय झालं होतं?" एवढंच. मग गप्प बस. जेवण उशिरा झालं तरी चालेल.

आता भाऊ. त्याला दिसतोय तो 2020 च्या जानेवारीतला माणूस. उस्मानाबादचं 93 वं साहित्य संमेलन, अध्यक्षपदी एक ख्रिस्ती धर्मगुरू, त्यावरून आधी काही संघटनांचा विरोध, धमकीचे फोन, आणि तरीही पाठदुखी सोसत व्यासपीठावर आलेले फादर. विशीतल्या पोराला हे भुरळ घालणारच. (मलाही घातली होती, आणि माझं वय तू विचारू नकोस.) पण त्यांची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली 1972 साली. मधली 48 वर्षं त्यानं पाहिलेलीच नाहीत. 1983 ते 2007 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं त्यांनी. म्हणजे महिना संपत आला की पुढचा अंक मानगुटीवर बसलेला, चोवीस वर्षं. मग बायबलमधल्या नव्या कराराचा सोप्या मराठीत अनुवाद, एकेका शब्दापाशी अडून बसत. शिवाय अंत्यविधी, लग्नं, आजाऱ्यांच्या घरी फेऱ्या हे तर कुठल्याच फादरला चुकत नाही.

आणि धर्मप्रांताचा फादर बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो. बदली म्हणतील तिथे जायचं. मोर्चा वाट्याला येईल की एखाद्या शाळेची हजेरीपुस्तकं, हे तो स्वतः ठरवणार नाही. म्हणून त्याला विचार, "एकही भाषण करायला मिळालं नाही, एकाही पेपरात नाव आलं नाही, तरी जाशील?" लगेच 'हो' म्हणाला तर मान्य करू नकोस. आठवडाभर विचार करू दे.

घाबरण्याचं कारण मात्र नाही, हे आईला सांग. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, पाऊल टाकलं म्हणजे शिक्का बसला असं नसतं. तत्त्वज्ञान, ईशज्ञान, मध्ये एखाद्या चर्चच्या धर्मग्रामात प्रत्यक्ष काम, अशी आठ-नऊ वर्षं सहज जातात. अविवाहित राहण्याचं वचन शेवटाकडे, डीकन (फादर होण्याआधीची पायरी) होताना द्यायचं असतं. त्याआधी कितीतरी मुलं परत येतात, नोकरीला लागतात, लग्नं करतात. आला परत तर दार उघडं ठेवा आणि शेजारणींना उत्तरं देत बसू नका.

राहिली तू. दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवणं आजपासून बंद. भाऊ म्हणाला 'पप्पांना सांग', तर म्हण, पप्पा मागच्या वाडीत आहेत, पाणी देताहेत, जा. पाइप धरायला त्यांना तसाही माणूस लागतो.

आणि तुझं मत विचारलंच कुणी, तर 'मला अजून ठरवता आलेलं नाही' म्हणून मोकळी हो. खरंच आलेलं नाहीये ना?

– मावशी