अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद १९५४च्या निकालाने संपला, की सरकारने नियम लावल्यावर?

दक्षिणेकडच्या राज्यांत तो खऱ्या अर्थाने मोडला १९६४ नंतर, केंद्र सरकारच्या हाती शाळांचा पैसा रोखण्याचं हत्यार आल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या ‘ब्राउन’ निकालाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीला ठरावीक मुदत घातली नाही आणि राज्यांना टाळाटाळीला रान मोकळं मिळालं. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराच्या हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना सुखरूप पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावं लागलं. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळांना कुलूपच ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; कृष्णवर्णीय मुलांची शिकायची वर्षं वाया गेली. हे वाचताना आजही संताप येतो.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी तोडता येऊ लागला, आणि १९६५च्या शिक्षण कायद्याने तो निधी इतका वाढवला की त्यावर पाणी सोडणं परवडेना. ‘हवी ती शाळा निवडा’ ही पळवाट उरली होती. व्हर्जिनियातल्याच न्यू केंट काउंटीत तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही. १९६८च्या ‘ग्रीन’ निकालाने अशी कागदी योजना पुरेशी नाही असं बजावलं.

मात्र हे दक्षिणेपुरतं. उत्तरेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्याच वेगळ्या होत्या, आणि १९७४च्या ‘मिलिकन’ निकालाने डेट्रॉइट शहराची, मुख्यतः गोऱ्यांची, उपनगरं दोन्हीकडच्या मुलांना एकत्र शिकवण्याच्या योजनेतून बाहेर राहिली.