हेलिकॉप्टरने सर्वेक्षण केलं तर नदीकाठचं जमिनीखालचं खारं पाणी खरंच कळतं का? मग बोअर घ्यायला नकोत का?

कळतं, पण बोअर काही टळत नाहीत. अशा सर्वेक्षणांच्या आकडेमोडीत मी काही वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो.

वरून कॅमेऱ्याने काही दिसत नाही, हे आधी डोक्यातून काढा. हेलिकॉप्टरखाली तारेचं मोठं कडं टांगलेलं असतं, जमिनीपासून साधारण तीस-चाळीस मीटरवर. त्यात जोराचा प्रवाह सोडतात आणि झटकन तोडतात. तोडला की जमिनीत भोवऱ्यांसारखे क्षीण प्रवाह उठतात. कोरड्या वाळूत ते लगेच विरतात, खाऱ्या पाण्याने भिजलेल्या थरात रेंगाळतात. हा सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. विरण्याच्या वेगावरून किती खोलीवरची जमीन किती वीजवाहक आहे, ते गणिताने काढतात.

गोची इथेच आहे. ओली चिकणमातीसुद्धा वीज छान वाहते. रोधकता (जमीन विजेला किती अडवते ते माप) १ ओहम-मीटरच्या आसपास आली तर पाणी खारंच समजा. पण १० आली तर? गोड्या पाण्याची चिकणमाती असेल, नाहीतर मचूळ पाण्याची वाळू. ते ठरवायला बोअरमधली माती आणि पाण्याचा नमुनाच लागतो. फायदा एवढाच (आणि तो मोठा आहे), की बोअर कुठे घ्यायचे हे अंदाजपंचे ठरवावं लागत नाही.

नदीकाठी या पद्धतीचा खरा उपयोग काय, ते ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर बघा. तिथलं भूजल मुळातच खारं, काही ठिकाणी तर जवळजवळ समुद्रासारखं. काठावरच्या द्राक्ष-संत्र्यांच्या बागांना पाणी दिलं की भूजल फुगतं आणि ते खारं पाणी नदीत ढकललं जातं. नदीकाठच्या मॉर्गन या गावी पाण्याची वाहकता (मीठ जास्त तितकी ती जास्त) बहुतेक काळ ८०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली ठेवायची, असं तिथलं उद्दिष्ट आहे. त्यासाठी काठाशी विहिरी खोदून खारं पाणी नदीत शिरायच्या आधीच उपसतात आणि दूरच्या तळ्यांत सोडतात. सर्वेक्षणाच्या नकाशात (लाल म्हणजे जास्त वीजवाहक, इथे खारं) नदीलगत गोड्या पाण्याची जाड पट्टी दिसली, तर तिथे नदी जमिनीला पाणी देते आहे. पट्टी नसेल आणि लाल रंग थेट पात्राला भिडला असेल, तर जमीन नदीत मीठ ओतते आहे. उपशाच्या विहिरी या दुसऱ्या जागी हव्यात. पात्राच्या अगदी तळाचं बघायला तिथे होडीमागे उपकरण ओढतही नेलं आहे.

एकदा सकाळी ताजा नकाशा उघडला, तर नदीला काटकोनात एक झकास लाल रेघ. इतकी सरळ, की आनंद व्हायच्या आधीच शंका आली. उच्चदाबाची वीजवाहिनी निघाली! लोखंडी कुंपणं आणि द्राक्षमांडवाच्या तारा हाच घोळ घालतात. तिथली मोजमापं सरळ कापून टाकावी लागतात, आणि नकाशा गुळगुळीत दिसावा म्हणून ती भोकं कधीकधी आजूबाजूच्या आकड्यांनी भरलेली असतात.

तेव्हा अहवाल हातात आला की रंगीत नकाशाच्या आधी उड्डाणाच्या रेषा आणि कापलेल्या जागा दाखवणारा नकाशा मागून घ्या.