फास्ट सोडली, स्लो धरली

तुम्ही विचारलंय की नोकरी, घर, मुलं, प्रवास या धबडग्यात जरा निवांत, भानावर राहून कसं जगायचं, वेळच मिळत नाही. खरं सांगू का, वेळ मलाही अजून मिळालेला नाही. डोंबिवली-दादर रोजचं जाणं-येणं आहे, सात वर्षं झाली, त्यामुळे जे काय सांगतेय ते लोकलमधलंच आहे.

आधीचे प्रयोग भरपूर झाले. मेडिटेशनचं अ‍ॅप घेतलं, ते बरोबर सकाळी सातला सांगायचं की आता दीर्घ श्वास घ्या, आणि तेव्हा माझ्या एका हातात लाटणं नि दुसऱ्या हातात लेकाचा सापडलेला एकच मोजा. ऑफिसातली एकजण इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना करून आली, म्हणाली तू पण जा. चांगलंच आहे ते, १९७६ पासून चालू आहे, फी घेत नाहीत, पण १० दिवस मौन, फोन जमा आणि पहाटे ४ ची घंटा. मला सलग १० दिवस रजा मिळाली तर आधी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकायचंय. आणि ते ब्रह्ममुहूर्तावर उठा म्हणणारे, त्यांना आधी दोन डबे करायला सांगा.

मग दाताचं झालं. मुलगा जेवताना हसला तर पुढचा दात गायब. कधी पडला रे? तर म्हणे परवा, मी तुला दाखवला की, तू "अरे वा" म्हणालीस. मला काही म्हणजे काही आठवेना. मेल बघत असणार, दुसरं काय.

त्याच आठवड्यात एकदा फास्ट लोकल चुकली म्हणून सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या स्लोमध्ये चढले. दादर ते डोंबिवली मधे १५ स्टेशनं, पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण फास्टमध्ये मी एका पायावर उभी असते आणि इथे कुर्ल्याला तिघींच्या बाकावर चौथी सीट तरी मिळते, अर्धं बूड टेकवून का होईना, आणि मुलुंड-ठाण्याला नीट बसायला. समोरची बाई मेथी निवडत होती. मांडीवर पेपर, पानं एका पिशवीत, देठं दुसऱ्या पिशवीत, घाई नाही काही नाही. मी दुसऱ्या दिवशी दादरलाच एक जुडी घेतली.

आता हेच चालू आहे. फोन पर्समध्ये, चेन लावून, ठाण्यापर्यंत काढायचा नाही. पहिले काही दिवस हात आपोआप पर्सकडे जायचा, विक्रोळी येईपर्यंत जीव कासावीस. हाताला मेथी असली की जरा सोपं जातं, बोटं हिरवी झालेली असतात ना, फोन धरवत नाही. मातीचा वास येतो. मुंब्र्याला एका बाजूला खाडी, दुसरीकडे डोंगरावर मुंब्रादेवीचं देऊळ, ते इतकं वर आहे हे मला सात वर्षांत दिसलं नव्हतं! आणि घरी पोचल्यावर भाजी निवडलेली असते, म्हणजे ती पंधरा-वीस मिनिटं तशीही वसूल. तेवढा वेळ मी लेकाजवळ खाली जमिनीवर बसते, त्याला शाळेत कोणी ढकललं, कोणाच्या डब्यात मॅगी होती, सगळं ऐकते. कंटाळा येतो कधी कधी, खोटं कशाला बोलू.

रोज जमतं असं नाही हं. महिनाअखेरीला फास्टच पकडते आणि लटकतच जाते. पावसाळ्यात तर जी मिळेल ती.

तुमचा प्रवास कुठून कुठे आहे ते लिहिलं नाहीत. बस असेल तर मेथीचं जरा अवघड आहे, पण मटार चालतील. काल मी तेच घेतले होते, अर्धा किलो, दिव्यापर्यंत निम्मे माझ्या आणि शेजारणीच्या पोटात.