‘ड’ तुकडीतल्या मुलासाठी कोर्स शोधू नका, आधी दाखला थांबवा

इचलकरंजीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा नववी ‘ड’ मध्ये, सहामाहीत गणितात शंभरात २८, विज्ञानात ४६. शाळेने बोलावून सांगितलं की दाखला काढून घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा. वडील म्हणतात दहावी राहू दे, सरळ आयटीआयला घाला. आई विचारते, अशा ढ मुलासाठी कोणता कोर्स चांगला? धाकटी मुलगी त्याच शाळेत सातवी ‘क’ मध्ये आहे.

ताई, मार्कांचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात ‘ढ’ हा शब्द चार वेळा आलाय आणि पोराला काय आवडतं, काय जमतं याबद्दल एक ओळसुद्धा नाही, ते वाचून फार वाईट वाटलं. शाळेत तेच आणि घरी पण तेच ऐकायला मिळत असेल तर त्याने अभ्यासाला बसावं तरी कशासाठी? शाळेने त्याला एक अक्षर चिकटवलं आणि तुम्ही दोघांनी ते खरं मानलं. मला २८ मार्कांपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

तुकडीवरून हुशारी कळते हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बऱ्याच शाळांमध्ये पाचवीला मार्क बघून मुलं वाटतात, म्हणजे ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कोणी आहे, ट्यूशन आहे ती मुलं ‘अ’ मध्ये, सेमी इंग्रजीही त्यांनाच, मग अनुभवी सर त्यांना, स्कॉलरशिपचे जादा तास त्यांना. ‘ड’ च्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे शिक्षक, आणि त्यांना पगारच इतका कमी की तेही मध्येच सोडून जातात. तुम्हीच लिहिलंय की यंदा गणिताचे सर दोनदा बदलले आणि दिवाळीपर्यंत भूमितीची वही कोरी होती. मग भूमितीत मार्क येणार कुठून? वर्षानुवर्षं कमी शिकवायचं आणि शेवटी मार्क दाखवून म्हणायचं की पोरगा कच्चा आहे! त्याच्या वर्गात कोणाची मुलं बसतात ते एकदा बघा, लूमवर जाणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्यांची. हे आपोआप झालेलं नाही.

१७ नंबरचा फॉर्म स्वतः वाईट नाही, ज्यांची शाळा सुटलीय, जे कामाला लागलेत त्यांना तो मोठा आधार आहे. पण रोज वर्गात येणाऱ्या मुलाला दाखला काढायला लावून तो भरायला सांगणं चूकच आहे. बाहेरून बसणाऱ्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत, त्यामुळे शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लावता येतो, एवढंच त्यामागे असतं. आणि हे नववीतच होतं कारण शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे, तोपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आता मार्क. दहावीला गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० लागतात, प्रत्येकात किमान २५. हेच २८ आणि ४६ दहावीला पडले तर ७४ होतात, म्हणजे नीट न शिकवता सुद्धा तो या दोन विषयांत पास आहे!

आयटीआयबद्दल वडिलांना सांगा, ती काही नापासांची जागा नाही, इलेक्ट्रिशियन, फिटरसारख्या ट्रेडला गणित-विज्ञान घेऊन दहावी पास लागते. दहावीनंतर त्याला स्वतःला आवडलं तर जाऊ दे, डिप्लोमाही आहे.

त्यामुळे आत्ता कोर्सचं काही सांगत नाही. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. शाळा कशासाठी काढतेय ते लेखी मागा, बहुतेक शाळा इथेच गप्प होतात, नाही झाल्या तर जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबत गणिताचे कोणते धडे शिकवलेच नाहीत त्याची यादी मुलाकडूनच करून घ्या आणि वर्गशिक्षकांकडे जादा तास मागा.

मुलीचं मात्र लगेच बघा. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठीच ती आहे, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेमार्फत जातो आणि कित्येक शाळा तो फक्त ‘अ’ तुकडीत वाटतात. सातवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५ टक्के सूट आहे. तिला तेवढे मिळाले की जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून तिचं नाव द्या, आणि ‘क’ मधल्या बाकीच्या आयांनाही सोबत घेऊन जा.