मुलगा शाळेतलं घरी काहीच सांगत नाही

"शाळेत काय झालं आज?" "काही नाही." गाडी याच्या पुढे सरकतच नाही, अशी तक्रार घेऊन येणारे पालक माझ्याकडे कायम असतात. पोटात भीती एकच, पोरगं काहीतरी लपवतंय. अशाच एका वडिलांची ही हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा सहावीतला. अभ्यास बरा, मित्र आहेत, झोप-भूक व्यवस्थित. रोज सकाळी पोट दुखणं, शाळेचं नाव काढताच रडू, वस्तू सारख्या हरवून किंवा मोडून येणं, अचानक एकटं एकटं राहणं, यातलं काही दिसलं असतं तर मी आधी वर्गशिक्षकांना भेटा म्हणाले असते. इथे फक्त घरातलं बोलणं आटलं होतं.

वडील मात्र भरभरून बोलणारे. घर, मुलाची शाळा, आयुष्य यांवर रोज रात्री वहीत लिहायची त्यांना सवय. ती वही सोबत आणली होती. अक्षर सुरेख, लिखाण प्रामाणिक. मी मधलंच एक पान उघडलं. मुलाची रिलेच्या संघात निवड झाली नव्हती, त्या दिवसाचं. वर जेमतेम दीड ओळ घटनेची आणि खाली पानभर 'अपयश पचवायला शिकणं'. निवड कोणाची झाली, मुलगा रडला का, याबद्दल अवाक्षर नाही.

"हे त्याला वाचून दाखवलंत?"

"हो, जेवताना. त्याला उपयोग व्हावा म्हणूनच तर लिहितो."

मग मुलाशी एकट्याशी बोलले. बराच वेळ तो खुर्चीच्या हाताचं निघालेलं रेक्झिन सोलत बसला. मीही सोलू दिलं. शेवटी म्हणाला, "बाबांना काही सांगितलं की भाषण होतं. मग ते वहीत जातं. आजी आली की तिलापण वाचून दाखवतात." आणि थोड्या वेळाने, "मला नुसतं सांगायचं असतं."

लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी स्वीडनमधल्या 14 वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2000 साली मांडला. पालकांना मुलांबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं मुलं आपणहून सांगतात म्हणून कळतं, चौकशी आणि पहारा यांतून त्यामानाने कमी, असं त्यातून पुढे आलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी समोरच्याचं बोलणं तोडणाऱ्या 12 प्रकारच्या प्रतिक्रियांची यादी केली होती. तिच्यात दटावणी, उपदेश, सल्ला तर आहेतच, पण धीर देणं आणि कौतुकही आहे. कौतुकाशी येऊन पालक हमखास अडतात. पण मुलाचं वाक्य अर्धं असताना केलेलं कौतुकसुद्धा त्याला गप्पच करतं.

"म्हणजे मी शिकवायचंच नाही का?" वडिलांनी जरा चिडूनच विचारलं. प्रश्न रास्त होता. शिकवायचं, पण त्याच दमात नाही. रिलेची गोष्ट चार दिवसांनी काढली असती तरी अपयश पचवण्याचा मुद्दा काही शिळा झाला नसता.

वही बंद करा असं मी सांगितलं नाही. फक्त त्यातलं मुलाबद्दलचं काहीही त्याला विचारल्याशिवाय कोणाला वाचून दाखवायचं नाही, आजीलाही नाही. शाळेतून आल्या आल्या दारातच प्रश्न नकोत. त्याऐवजी कधीतरी स्वतःच्या दिवसातली फजिती सांगा, तात्पर्य न काढता. आणि तो काही बोललाच, तर त्याचंच धरून एक वाक्य: "रिलेत नाव नव्हतं? वाईट वाटलं असेल." मग गप्प. हे गप्प बसणंच त्यांना सगळ्यात जड गेलं.

मुलगा लगेच काही घडाघडा बोलायला लागला नाही. एका संध्याकाळी त्याने सहज सांगितलं, की फळ्यावर कोणीतरी सरांचं चित्र काढलं होतं. शिक्षकांचा आदर वगैरे वडिलांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी विचारलं, "जमलं होतं का?"

"मीच काढलं होतं," मुलगा म्हणाला. मग सर काय म्हणाले, कोण कोण हसलं, सगळं सांगितलं. सरांना सॉरी म्हणायला कसं जायचं, हेही दोन दिवसांनी त्यानेच विचारलं.