एकत्र राहणारी माणसं एकत्र कामाला कशी लागतात?

तुम्ही विचारलंय की सोसायटीत १५० कुटुंबं आहेत, गणपतीला सगळे जमतात, पण काम निघालं की कुणी फिरकत नाही. मग याला समुदाय म्हणायचं का, आणि माणसं एकत्र कामाला लागतात तरी कशी?

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. ज्यांचं काहीतरी एकमेकांवाचून अडतं आणि तसं अडतं हे ज्यांना पटलंय, त्यांना मी समुदाय म्हणेन. गणपतीला जमण्याला मात्र कमी लेखू नका. आरतीला ओळख झालेली माणसं पुढे भांडतानाही जरा सांभाळून भांडतात.

आमच्याकडे सुरुवात पाण्याने झाली. उन्हाळ्यात टँकर यायचे, त्यांचा खर्च मेन्टेनन्समध्ये चढायचा आणि मजल्यामजल्यावर एकच कुजबुज, पाणी जातं कुठे? दोन निवृत्त काकांनी पंपाच्या खोलीबाहेर दोरीने एक वही टांगली. टँकर किती वाजता आला, टाकीत पाणी किती होतं, कोणत्या विंगचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा होता, शेवटी वॉचमनची सही. वही कुणीही उघडून बघावी. आधी भांडणं वाढलीच, कारण बी विंगला जास्त वेळ पाणी सुटतं हे आता लेखी होतं. पण ‘कमिटीच पैसे खाते’ हा सूर बंद झाला. मग व्हॉल्व्हच्या वेळा सगळ्यांनी बसून ठरवल्या. गळके फ्लश तपासायला घरोघरी जायचं काम भिशीच्या बायकांनी घेतलं. पुरुष गेले असते तर निम्मी दारं उघडली नसती.

पुढे डीम्ड कन्व्हेयन्स करायचं ठरलं, म्हणजे बिल्डर कागद करून देत नसला तरी इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज. घराघरातून करारनामे आणि इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) गोळा करायचे होते. कुणाच्या दारात कुणी जायचं हे तोवर आपसूक ठरून गेलं होतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हाच अभ्यास केला. सामायिक पाणी, कुरणं, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात हे त्यांनी गावोगावच्या उदाहरणांतून दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्यांना नियम पाळायचेत त्यांचा ते ठरवण्यात हात असावा, देखरेख करणारा त्यांनाच बांधील असावा आणि पहिल्या चुकीला दंड हलका असावा, हे त्यांना टिकून राहिलेल्या व्यवस्थांत पुन्हा पुन्हा आढळलं. तिसरा मुद्दा सोसायट्या हमखास विसरतात. पहिल्याच चुकीला नोटीस धाडली की ते घर कायमचं तुटतं.

आणि मोठी कृती बघायची तर खाडीपलीकडे बघा. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई-दास्तान फाट्याला हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. नेता मोठा होताच, पण त्याच्या हाकेला ओ देणारी गावंही तशी होती. गावकीची बैठक होती, लावणीला एकमेकांच्या शेतात उतरायची सवय होती, गावागावांत सोयरीक होती. आपल्या टॉवरमध्ये यातलं काहीच आयतं मिळत नाही. कोणी साताऱ्याचा, कोणी जळगावचा, कोणी पार परराज्यातला. म्हणून ही सवय आपल्याला लहान कामांतून लावून घ्यावी लागते, आणि तिला वर्षं लागतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होईलच. त्यात ‘सगळ्यांनी सहकार्य करावं’ असा ठराव करू नका. महिन्याभरात संपेल असं एकच काम घ्या: लिफ्टचं, कचऱ्याचं, पार्किंगचं. कमिटीबाहेरची तीन-चार नावं त्या कामापुढे लिहा, त्यात एक भाडेकरू नक्की असू द्या, आणि खर्चाचा कागद लिफ्टजवळ लावा. भाडेकरूला सभेत मत नसतं, पण पाणी त्याच्याही नळाला जातं.